वाक्प्रचारांचे माहेर

मुलांनो, इंग्रजी शिकताना तुम्हांला वाक्प्रचारांची यादी पाठ करावी लागते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. माझ्या मते ही रीत वाक्प्रचारांवर अन्याय करणारी आहे. वाक्प्रचार कोशात जन्मत नाही. तो एखाद्या गावात, एखाद्या गोष्टीत, कधी रणांगणावर जन्मतो. ते त्याचे माहेर ठाऊक नसेल, तर अर्थ पाठ होतो, पण उमजत नाही.

‘न्यूकॅसलला कोळसा नेणे’ हा इंग्रजीतील जुना वाक्प्रचार पाहा. न्यूकॅसल हे इंग्लंडच्या उत्तरेस टाईन नदीकाठचे बंदर. भोवताली कोळशाच्या खाणी. शतकानुशतके तेथून जहाजे भरभरून कोळसा लंडनला जाई. अशा गावी कोळसा विकावयास नेणाऱ्याला शहाणा म्हणावे काय? यादीत मात्र ‘निरर्थक श्रम करणे’ एवढाच अर्थ असतो. तो खोटा नाही, पण त्यातले हसू हरवलेले असते. आम्हां पनवेलकरांना पेण जवळचे. पेणच्या गणेशमूर्ती गावोगावी, परदेशीही जातात. भाद्रपदाच्या तोंडावर कोणी टेम्पो भरून गणपती पेणलाच विकावयास निघाला, तर पनवेलचे शेंबडे पोरही त्याला हसेल! त्या हसण्यातच न्यूकॅसलचा अर्थ आहे. ‘पेणला गणपती नेणे’ असे खुशाल म्हणा. परीक्षकाने गुण कापले, तरी मी तुमच्या बाजूचा.

काही परके वाक्प्रचार मराठीच्या घरी चांगले नांदतात. ‘सिंहाचा वाटा’ हा त्यांपैकी एक. इसापच्या गोष्टीतला सिंह सोबत्यांसह शिकार करतो, वाटे पाडतो आणि नाना कारणे सांगून सगळेच वाटे गिळंकृत करतो. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या. आज आपण ‘शाळेच्या उभारणीत त्यांचा सिंहाचा वाटा होता’ असे गौरवाने म्हणतो. घेणारा सिंह मराठीत येऊन देणारा झाला! सासरी आल्यावर स्वभाव पालटावा, तो असा.

परंतु सर्वच जोड्या जुळत नाहीत. एखाद्याचा निर्णायक पराभव झाला, की ‘त्याला त्याचे वॉटर्लू भेटले’ असे इंग्रज म्हणतात. १८ जून १८१५ रोजी बेल्जममधील वॉटर्लू येथे नेपोलियन हरला. याच्यासमोर ‘पानिपत होणे’ असे लिहून यादी मोकळी होते. मला ते पटत नाही. वॉटर्लू हा इंग्रजांच्या शत्रूचा पराभव. पानिपत हा आपला स्वतःचा. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ आणि कोवळा विश्वासराव पडले, हजारो माणसे पडली. आज गणितात नापास झालेला मुलगा ‘माझे पानिपत झाले’ असे हसत सांगतो. त्या वर्षी ज्या घरांतून गेलेली माणसे परतली नाहीत, तेथे हा शब्द कोणी हसून उच्चारला नसेल.