पत्रा राखला, चाल पुसली

जुन्या स्वयंचलित गाडीतील मूळ गिअरबॉक्स काढून नवा बसवावा, म्हणजे ती 'चालवण्याजोगी' होते, असे काही हौशी मंडळी सांगतात. आम्हांस हे मुळीच मान्य नाही. अमेरिकेत १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये 'हायड्रा-मॅटिक' आला. क्लच पायाखालून गेला, परंतु चालकाचे कौशल्य गेले नाही. त्याचे चार गिअर बदलताना जाणवतात. पाय किंचित सैल सोडला की वरचा गिअर लवकर पडतो. त्यात 'पार्क' नव्हते. इंजिन बंद करून दांडा 'रिव्हर्स'मध्ये टाकला की गाडी जखडली जाई. १९४८ च्या ब्यूइकमधील 'डायनाफ्लो' तर 'ड्राइव्ह'मध्ये गिअर बदलतच नाही; संथ, अखंड वाहत राहतो. हे दोष नव्हेत. यंत्राविषयीचे दोन भिन्न विचार आहेत. सुटे भाग दुर्मीळ आहेत, ही अडचण खरी. पण अडचणीला तत्त्वाचा मुलामा कशाला? पोथीतील अवघड शब्द खोडून सोपे घालणाऱ्यास आपण संपादक म्हणत नाही. मग पत्रा राखून चाल पुसणाऱ्यास जतनकर्ता का म्हणावे? ज्यांना आपली सवय बदलावयाची नाही, त्यांनी खुशाल नवी गाडी घ्यावी. जुन्या गाडीस शिकवावयाचे नसते. तिच्याकडून शिकावयाचे असते.