शिष्यवृत्ती कोणत्या तारखेस मिळते?

मुलाला अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला की तो इंजिनियर झालाच, अशी आपल्या वस्त्यांतून सार्वत्रिक समजूत आहे. पेढे वाटले जातात, सत्कार होतो आणि पत्र्याची पेटी घेऊन मुलगा शहरात येतो. पुढील चार वर्षे तो कशावर जगतो, याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. ती चौकशी आज करावी, असे आम्हांस वाटते.

१९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला जे निवेदन सादर केले, त्यात त्यांनी शिक्षणाची मागणी मोघमपणे केली नव्हती. कला व कायदा यांच्या पदव्यांनी अस्पृश्य समाजाचे फारसे भागणार नाही, त्याला विज्ञान व तंत्रविद्येचे उच्च शिक्षण हवे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आणि त्यासाठी खास शिष्यवृत्त्यांची तरतूद त्यांनी मागितली होती. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, ती आजतागायत चालू आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर मात्र केंद्राच्या लेखी नवबौद्ध हे अनुसूचित जातींत उरले नाहीत. महाराष्ट्र राज्याने आपल्या अधिकारात सवलती दिल्या. केंद्राचा कायदा बदलावयास १९९० साल उजाडले. मधल्या पिढीने धम्माची किंमत रोख मोजली, हे आजच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

आता रकमेकडे वळू. शिक्षणशुल्काची भरपाई होते, आयआयटीत तर ते माफच आहे. पण शुल्क माफ झाल्याने पोट भरत नाही. २०२१ च्या सुधारित नियमांत वसतिगृहात राहणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास निर्वाहभत्ता ठरला तो वर्षाला १३,५०० रुपये, म्हणजे दिवसाला ३७ रुपये. एवढ्यात दोन वेळचे जेवण कोणत्या शहरात मिळते, हे नियम करणारांनीच सांगावे! महाराष्ट्र शासनाने स्वाधार योजना आखताना हिशेब अधिक प्रामाणिकपणे मांडला होता. ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, अशा मुलांसाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० व किरकोळ निर्वाहाचे ८,००० असे वर्षाचे ६०,००० रुपये तीत धरले होते. शिवाय अभियांत्रिकी व वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांस साहित्यासाठी ५,००० रुपये निराळे. ड्रॉइंगचे साहित्य, कॅल्क्युलेटर, वर्कशॉपचा पोशाख, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हे खर्च ज्याने केले आहेत, त्याला या ५,००० रुपयांचे मोल समजेल.

परंतु आमची मुख्य तक्रार रकमेविषयी नाही, तारखेविषयी आहे. राज्याचा ४० टक्के वाटा आधी जमा व्हावयाचा, मग केंद्राचा ६० टक्के. कधी आधार क्रमांक जोडलेला नसतो, कधी महाविद्यालयाने अर्ज पुढे पाठविलेला नसतो. खानावळीचे बिल मात्र महिन्याच्या महिन्याला येते.

प्रस्तुत लेखक स्थापत्य शाखेत शिकत असताना पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती हाती पडली ती तिसऱ्या वर्षी. तोवर खानावळीच्या मावशींनी वहीवर उधारी लिहून आम्हांस जेवू घातले. खोलीतील सोबत्याला ती उधारी लाजिरवाणी वाटे. गणितात तो वर्गात पहिला होता. दुसऱ्या वर्षी दिवाळीला गावी गेला तो परतला नाही. आज तो एका ठेकेदाराकडे मजुरांची हजेरी मांडतो. त्याची शिष्यवृत्तीही मंजूर झाली होती. ती आली तेव्हा घ्यावयास तो नव्हता.

उशीर काय करतो हे बाबासाहेबांच्याच चरित्रात दिसते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पुन्हा तेथे जाण्यास १९२० साल उजाडले, आणि तेही स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राची उसनवारी यांवर. एवढा मोठा पुरुष तीन वर्षे थांबू शकला. सामान्य मुलगा थांबतो तो कायमचाच.

अलीकडील दोन प्रकरणे पाहा. २०२१ साली मुंबई आयआयटीत एका दलित विद्यार्थ्याची प्रवेशनिश्चितीची रक्कम कार्डातील अडचणीमुळे वेळेत भरली गेली नाही. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या संस्थेसाठी १७,५०० रुपये ठरल्या घटकेपर्यंत भरता आले नाहीत. दोघांनाही सर्वोच्च न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून प्रवेश देवविला. न्याय झाला हे खरेच. पण दिल्लीपर्यंत जाणे ज्यांना जमले नाही, त्यांची गणती कोणत्या कचेरीत आहे? विद्यार्थ्याला एका घटकेचा उशीर झाला तर जागा जाते. शासनाला वर्षाचा उशीर झाला तर कोणाचे काय जाते?

म्हणून निर्वाहभत्ता सरकारी नोकराच्या पगाराप्रमाणे दरमहा ठरल्या तारखेस विद्यार्थ्याच्या खात्यात पडला पाहिजे. केंद्र व राज्य यांनी आपापल्या वाट्याचा हिशेब मागाहून आपसांत करावा. हे होईपर्यंत या शिष्यवृत्तीवर शिकून जे इंजिनियर झाले, त्यांनी आपल्या जुन्या वसतिगृहात जाऊन यावे. तेथील खानावळीत सहा महिन्यांची उधारी आगाऊ भरता येईल एवढी ठेव दहाजणांनी मिळून सहज उभी राहील. शिष्यवृत्ती आली की मुलाने ती रक्कम परत ठेवावी आणि पुढच्याने उचलावी. आमच्या वेळी ती ठेव असती, तर तिच्यावर पहिले नाव आमच्या सोबत्याचे पडले असते.