तीन रमाबाई, तीन आयुष्यं

शाळेच्या भाषणांत 'रमाबाई' या नावाखाली अनेकदा तिघींची सरमिसळ होते. पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे आणि रमाबाई आंबेडकर यांच्यावर हा अन्यायच आहे.

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) संस्कृतच्या विदुषी होत्या. त्यांनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारलं. आर्य महिला समाजाच्या सभांना रमाबाई रानडे जात. न्यायमूर्ती रानड्यांच्या या पत्नीने लग्नानंतर घरच्या बायकांचा विरोध सोसून शिक्षण घेतलं, पुढे पुण्याच्या सेवासदनाला आकार दिला आणि १९१० मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केलं.

रमाबाई आंबेडकरांनी संस्था काढली नाही, ग्रंथ लिहिला नाही. पती बाबासाहेब आंबेडकर परदेशी शिकत असताना त्यांनी हलाखीत संसार रेटला, पोटची मुलं गमावली आणि १९३५ मध्ये त्या गेल्या. बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयीचा आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला.

एक धर्मांतर करून स्वतंत्र वाटेने गेली, दुसरी सुधारकांच्या घरातून पुढे आली, तिसरीने दारिद्र्याशी झुंज दिली. म्हणूनच पाठ्यपुस्तकांत, शाळांच्या आणि रस्त्यांच्या पाट्यांवर पूर्ण नाव हवं, सोबत त्यांच्या कार्याची एक ओळही हवी.