पोर शिकायला गेले की हिंडायला?



गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणी चालली होती आणि सारे गाव बगीच्यात गुंतलेले होते. अशा घाईच्या दिवसांत आपल्या भागातील एक पतिपत्नी सायंकाळी माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. त्यांचा मुलगा वर्षापूर्वी जर्मनीस अभियांत्रिकी शिकण्यास गेलेला. बापाने मोबाईल पुढे केला. चित्रात एका मोठ्या नदीवरील पूल होता आणि पुलावर आपला मुलगा चार मित्रमैत्रिणींसह हसत उभा होता. "फादर, पोराले शिकाले धाडलं, हिंडाले नाही धाडलं," एवढेच तो गृहस्थ बोलला. माय पदराशी चाळा करीत गप्प बसली होती. मागाहून तिने सांगितले की, आठ दिवस झाले, बाप मुलाचा फोन उचलीत नाही.

त्याचा राग अकारण होता असे मी म्हणणार नाही. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नसते हे खरे. परंतु तेथे जाण्यापूर्वी वर्षभराच्या निर्वाहाचे पैसे बँकेतील एका बंद खात्यात दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक. त्यातून दरमहा ९९२ युरोच हाती पडतात. या घराने त्यासाठी कर्ज काढले, बगीच्याचा एक तुकडा गहाण टाकला. ज्याने असे केले त्याला पोराचे हसरे चित्र पाहून प्रथम आपले व्याजच आठवावे, यात नवल ते काय?

त्या रात्री मी मुलाला निरोप पाठविला: "राजा, त्या सहलीची हकीकत मला लिही. रागावण्यासाठी विचारीत नाही." दोन दिवसांनी त्याचे लांबलचक उत्तर आले. त्याच्या आईबापांच्या व त्याच्या संमतीने त्यातील काही भाग येथे सांगतो. कारण असे चित्र आज ना उद्या पुष्कळ घरांत येऊन पोहोचेल.

मुलगा आखेन या गावी शिकतो. तेथील तांत्रिक विद्यापीठ १८७० साली सुरू झाले. आखेन हे सीमेवरचे गाव; जर्मनी, नेदरलँड आणि बेल्जियम हे तीन देश गावाबाहेरच्या टेकडीवर एकमेकांस भेटतात. १९५६ पासून आपण मध्य प्रदेशात आहोत, घरी मराठी बोलतो आणि कचेरीत हिंदी. तेव्हा सीमेवरचे जिणे आपल्या पोराला काही नवे नाही. नवा होता तो एकटेपणा. नोव्हेंबरात तेथे दुपारी साडेचारला दिवे लागतात. रविवारी कायद्याने दुकाने बंद असतात. शनिवारी दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत आपण कोणाशी एक शब्दही बोललो नाही, असे कित्येक आठवडे गेले, असे तो लिहितो. आणि त्याखाली, जणू घाईघाईने, एक ओळ: "फादर, मी एका विषयात नापास झालो आहे. घरी सांगितलेले नाही."

तेथील पुष्कळ विद्यापीठांत एकाच विषयात तीनदा नापास झाल्यास तो अभ्यासक्रम सोडून जावे लागते. ही धास्ती उराशी घेऊन पोर महिनाभर खोलीत बसले होते. घरी फोन केला की "सगळे ठीक आहे" म्हणायचे आणि फोन ठेवला की भिंतीकडे पाहत राहायचे. तेव्हा शेजारच्या खोल्यांतील मुलांनी दार ठोठावले: "शनिवारी कोलोनला जाऊ, चल." एक तामीळ मुलगा, एक पोलंडचा, एक नायजेरियाची मुलगी आणि एक तिची जर्मन मैत्रीण. बापाने चित्रात पाहिलेल्या त्या याच होत.

आता खर्चाचे पाहू. कारण बापाचा पहिला प्रश्न तोच होता आणि तो विचारण्याचा त्याला अधिकार आहे. कोलोन तेथून सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे आपल्या नागपूरपेक्षाही जवळ. विद्यापीठात भरलेल्या वर्गणीतच प्रादेशिक गाड्यांचा पास असतो; जलद गाड्यांस तो चालत नाही. तासाभराचा हा प्रवास त्यामुळे वेगळे तिकीट न काढता झाला. रात्र त्यांनी युवा वसतिगृहात काढली, एका खोलीत एकावर एक खाटा. या वसतिगृहांची कल्पना प्रथम निघाली ती त्याच प्रांतात, रिचर्ड शिरमान नावाच्या शाळामास्तरांच्या डोक्यातून. १९०९ साली विद्यार्थ्यांसह पायी सहलीस गेले असता वादळात सापडून त्यांनी एका शाळेत रात्र काढली, आणि गरीब मुलांना देश पाहता यावा म्हणून गावोगावी असा स्वस्त निवारा असावा, हे त्यांच्या मनाने घेतले. भाकरीच्या जागी पाव होता, तो शनिवारीच विकत घेऊन पिशवीत भरलेला. सारा खर्च सुमारे ५० युरो झाला. २०२५ साली तेथील कायद्याने किमान मजुरी तासाला १२.८२ युरो होती. विद्यार्थ्यास वर्षातून १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा असते. आपला मुलगा एका उपाहारगृहात ताटे धुतो. म्हणजे ही सहल बगीच्याच्या पैशांतून नव्हे, त्याच्या सुमारे चार तासांच्या मजुरीतून झाली.

आणि त्याने पाहिले काय? कोलोनचे कॅथेड्रल. १५ ऑगस्ट १२४८ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, त्याचा पाया घातला गेला. सोळाव्या शतकात काम थांबले. अर्धवट बुरुजावर लाकडी यारी शतकानुशतके तशीच उभी होती. १८४२ साली काम पुन्हा हाती घेतले आणि १८८० साली ते पूर्ण झाले. दुसऱ्या महायुद्धात भोवतालचे शहर जमीनदोस्त झाले, बाँब कॅथेड्रलवरही पडले, परंतु ते उभे राहिले. त्याची उंची १५७ मीटर. वेदीमागे सोन्याची मोठी पेटी आहे. ११६४ साली मिलानहून आणलेले तीन राजांचे अवशेष तीत आहेत, अशी परंपरा आहे. त्या शहराच्या मुद्रेवरही तीन मुकुट आहेत. आपण नाताळच्या गोठ्यात ज्यांच्या मातीच्या मूर्ती मांडतो, त्यांच्यापुढे आपले पोर उभे होते. रविवारी त्याने तेथेच मिस्सा ऐकली. जर्मन शब्द फारसे कळले नाहीत. पण केव्हा उभे राहावे आणि केव्हा गुडघे टेकावे हे आईने शिकविलेले होते, तेवढे पुरले.

मग ती पाचही मुले दक्षिण बुरुजाच्या ५३३ पायऱ्या चढली. खाली ऱ्हाईन नदी वाहत होती. पोलंडच्या मुलाने विचारले, "तुमच्या गावाला नदी आहे का?" याने जाम नदीचे वर्णन केले, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव दोन तीरांवरून एकमेकांवर दगड मारतात ती गोटमार सांगितली. त्याने पुन्हा विचारले, "का मारतात?" "फादर, मला उत्तर देता आले नाही," असे मुलगा लिहितो. "लहानपणापासून पाहत आलो, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता."

पायऱ्या उतरता उतरता त्याने नापास झाल्याची गोष्ट प्रथमच कोणाला सांगितली, त्या तामीळ मुलाला. तो म्हणाला, "मीसुद्धा त्याच विषयात." पुलावरचे ते चित्र त्यानंतरचे आहे. बापाला जे हसू चैनीचे वाटले, ते ओझे हलके झाल्याचे होते.

हे पत्र मी त्या उभयतांस वाचून दाखविले. नापास झाल्याची ओळ आली तेव्हा माय रडू लागली. बाप बराच वेळ बसून राहिला, मग म्हणाला, "एवढं सारं पोटात ठेवलं अन् माह्याशी बोलला नाही?" मी म्हणालो, "तुम्हीही आठ दिवस बोलला नाहीत." हे मला थोडे अधिक मृदूपणे सांगता आले असते. परंतु त्याने तेथेच, माझ्यासमोर, फोन लावला. व्याजाचा शब्द निघाला नाही. पहिला प्रश्न होता, "जेवला का?" आणि दुसरा, "पेपर पुन्हा केव्हा आहे?"

आईबापांनो, खर्चाचा हिशेब अवश्य मागा. परंतु त्याआधी सोबत कोण होते, त्यांची नावे काय, काय पाहिले, हे विचारा. ज्या मुलाची सोबत तुम्हांस ठाऊक आहे, तो तुमच्यापासून फारसा दूर नाही. आणि परदेशी गेलेल्या मुलामुलींनो, निघण्यापूर्वी घरी कळवा. चित्र मागाहून जाऊ द्या, शब्द आधी जाऊ द्या. देशाची सीमा ओलांडणार असाल तर पासपोर्ट व निवासाचे कार्ड जवळ बाळगा. शेंगेन करारातील देश असले तरी २०२४ पासून जर्मनीच्या सर्व जमिनी सीमांवर तपासणी होऊ लागली. संकट आल्यास ११२ हा क्रमांक तेथेही चालतो व आपल्याकडेही. दारूच्या पेल्याला नाही म्हणण्याने मैत्री तुटत नाही. तुटलीच, तर ती मैत्री नव्हती. आणि नापास झालात तर त्याच आठवड्यात सांगा. कर्ज काढणाऱ्या बापाला एवढे ऐकण्याचे बळ असते.

त्या मुलाची फेरपरीक्षा फेब्रुवारीत झाली. या वेळी तो व त्याचा तामीळ मित्र एकत्र अभ्यासाला बसले होते. दोघेही उत्तीर्ण झाले. ही बातमी बापानेच येऊन मला सांगितली, आणि येताना एक पिशवीभर संत्री आणली.

तुमचा,
धर्मगुरू