कोड उघडा म्हणजे कुलूप उघडं नव्हे!

सरकारी कार्यालयात लिनक्स वापरा म्हटलं की एक उत्तर ठरलेलं असते. "फुकटचं आहे जी ते! त्याचा कोड साऱ्या जगाला दिसतो. उद्या हॅकर घुसला तर जबाबदार कोण?" शिकलीसवरली माणसंही यावर मान डोलावतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेंढा (लेखा) ज्या जिल्ह्यात आहे, तिथे तरी हा युक्तिवाद चालू नये. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूचा व्यवहार ग्रामसभा करते, हिशेब गावापुढे मांडते. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगावही त्याच वाटेनं गेलं. हिशेबाची वही सगळ्यांना दिसली म्हणून तिजोरीची किल्ली कुणाच्या हाती लागत नाही. ओपन सोर्सचंही तसंच आहे. दिसतो तो प्रोग्रामचा कोड. तुमचा सातबारा, वनहक्काचा दावा, पासवर्ड दिसत नाही.

आणि बंद कोडची सुरक्षा कशी असते? मे २०१७ आठवा. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरातले विंडोज संगणक बंद पाडले. ब्रिटनची सरकारी रुग्णालयं अडली, आंध्रातल्या पोलिसांचे संगणकही सापडले. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर टाकली नाही, ते अडकले.

आता कुणी म्हणेल, ओपन सोर्समध्ये काय भोकं नसतात? असतात ना भाऊ! २०१४ चं हार्टब्लीड दोन वर्षं उघड्या कोडात पडून होतं, कुणी नीट पाहिलंच नाही. पण २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या प्रोग्रामात कुणीतरी मुद्दाम चोरदार बसवलं, तेव्हा ते एका अभियंत्यानं पकडलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्याच शंकेवरून. कोड उघडा होता म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं. थोडक्यात, उघडेपणानं तपासता येते. पण तपासणारा माणूस लागतोच.

केंद्र सरकारचं ओपन सोर्स धोरण २०१५ चं आहे. निविदेत ओपन सोर्सला प्राधान्य द्या, नाकारत असाल तर कारण द्या, असं ते सांगते. सी-डॅकनं बॉस लिनक्स बनवलं. संरक्षण मंत्रालयानं २०२३ मध्ये उबंटूवर आधारलेली माया प्रणाली आणली. देशाच्या संरक्षणाला चालते, आणि आपल्या पंचायत समितीला धोका?

खरा धोका वेगळाच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा संपली. बऱ्याच जुन्या मशीनवर ११ चढत नाही. म्हणजे नवे संगणक घ्या, पैसे भरून मुदत वाढवा, नाहीतर दार उघडं टाकून बसा. त्याच मशीनवर लिनक्स टाकायचा चौथा मार्गही आहे, पण त्याची चर्चाच होत नाही.

अडचणी आहेत, मान्य. जुने मराठी फॉन्ट, प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन अडते. त्यासाठी जवळ माणूस पाहिजे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तेव्हा नागपूरचा इंजिनिअर पोहोचणार कसा? आयटीआय, पॉलिटेक्निक, गोंडवाना विद्यापीठातली आपलीच पोरं-पोरी शिकवून तालुक्याला बसवा. लायसन्सवर जाणारा पैसा इथेच राहील. संगणक बंद पडला की हेलपाटा साहेबाला पडत नाही, दाखल्यासाठी चालत आलेल्या माणसाला पडते.

म्हणून एक काम करा. दहा रुपयांचं तिकीट लावून आपल्या तहसील आणि पंचायत समितीत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. संगणक किती? कोणती प्रणाली? शेवटची सुरक्षा दुरुस्ती कधी? देखभाल कोणाकडे? ओपन सोर्स नाकारलं असेल तर कारण कुठे लिहिलंय?

उत्तर आलं की इथे कमेंटमध्ये टाका. दोन्ही जिल्ह्यांचा तालुकावार तक्ता आपणच करू.