कौतुक नको, थट्टाही नको

सोलापूरची चादर दूरदूरच्या देशांत प्रसिद्ध आहे. मागावरील उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. या दोहोंचे प्रमाण साधले, तरच चादर टिकाऊ होते. शरीराचेही तसेच आहे. आहार हा त्याचा ताणा, तर श्रम हा बाणा. आहार वाढत गेला आणि श्रम घटत गेले, म्हणजे शरीराची वीण बिघडते.

मूल गुटगुटीत असले, की घरातील वडीलधाऱ्यांस धन्यता वाटते. तेच मूल शाळेत गेले, की सोबती त्याला नावे ठेवून हसतात. कौतुक करणारे आणि थट्टा करणारे, दोघेही चुकतात. पहिल्यांना धोका दिसत नाही आणि दुसऱ्यांना त्याचे कारण समजत नाही.

हा धोका शरीराच्या आत असतो. अन्नातून रक्तात साखर येते. ती पेशींत पोचावी म्हणून स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते. गरजेहून अधिक खाल्लेले अन्न चरबीच्या रूपाने साठते. ही चरबी पोटातील इंद्रियांभोवती आणि यकृतातही जमते. मग पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात. स्वादुपिंड अधिकाधिक राबते आणि अखेर थकते. रक्तातील साखर वाढते. रक्तदाबही वाढू लागतो. विशेष हे, की पुष्कळ दिवस काहीच दुखत नाही. एके काळी प्रौढांचा समजला जाणारा हा मधुमेह आता मुलांतही आढळतो.

हसणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१६ ते २०१८ या काळात देशभर पोषणाची पाहणी झाली. तीत १० ते १९ वर्षांच्या १०० मुलामुलींपैकी सुमारे ५ जणांचे वजन अधिक आढळले. परंतु मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले सुमारे १० निघाले. भारतीय अर्भके वजनाने हलकी असली, तरी त्यांच्या अंगी चरबी त्या मानाने जास्त असते, असे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून दिसून आले आहे. म्हणजे सडपातळ दिसणाराही निर्धास्त नाही. मग कोणी कोणास हसावे?

दोष एकट्या मुलाचा नसतो. ३०० मिलिलिटर गोड पेयात सुमारे ३० ग्रॅम साखर असते; ती बाटली घरात मोठी माणसेच आणतात. उपाय मात्र दूर नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या ज्वारीची भाकरी, डाळ आणि पालेभाजी हा सोलापूरकरांच्या घरचाच आहार आहे. मुलांनी रोज किमान ६० मिनिटे अंगमेहनत करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उन्हाळ्यात सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर चढतो. दुपारी खेळणे अशक्यच. तेव्हा शाळांनी आपली मैदाने पहाटे आणि सायंकाळी मुलांसाठी खुली ठेवावीत.

परंतु मैदान खुले झाले, तरी तेथे थट्टा होत असेल, तर मूल फिरकणार नाही. खेळ हेच ज्याचे औषध, त्यालाच थट्टा खेळापासून दूर लोटते. म्हणून अशा सोबत्यास नावे ठेवण्याऐवजी आपल्या संघात घ्यावे. वैद्याच्या औषधाइतकेच मोल या एका हाकेला आहे.