चूक वहीतली की वाचणाऱ्याची?



गेल्या महिन्यात संगणक कक्षात घडलेली एक छोटीशी गोष्ट सांगतो. नववीतील एका मुलीने शाळेच्या प्रात्यक्षिक पुस्तिकेतला सी भाषेचा प्रोग्राम अक्षर न् अक्षर पाहून टाइप केला. काळ्या पडद्यावर पाचव्या ओळीत, चाळिसाव्या रकान्यापासून शाळेचे नाव उमटायला हवे होते. ते उमटले अगदी वर, डाव्या कोपऱ्यात. प्रोग्राम संपल्यावर तर ती जे टाइप करी ते दिसेनासेच झाले. तिने तीनदा पुन्हा करून पाहिले. शेवटी रडवेली होऊन बाईंना म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय."

तिचे काहीच चुकले नव्हते. चूक पुस्तिकेत होती, आणि पुस्तिका आम्हीच छापलेली.

झाले होते असे. पूर्वी आपल्याकडे टर्बो सी चालत असे. त्यातल्या 'गोटूएक्सवाय' या आज्ञेत आधी रकाना आणि मग ओळ सांगावी लागे. आता संगणकांवर लिनक्स आहे आणि पडद्यावर मजकूर मांडायला 'एनकर्सेस' वापरतो. त्यातल्या 'मूव्ह' या आज्ञेत आधी ओळ, मग रकाना. पायथॉनच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही अँड्र्यू कुचलिंग आणि एरिक रेमंड यांनी या उलट्या क्रमाबद्दल वाचकाला मुद्दाम सावध केले आहे. आम्ही मात्र आज्ञेचे नाव तेवढे बदलले आणि आकडे होते तसेच ठेवले. चोवीस ओळींच्या पडद्यावर चाळिसावी ओळ येणार कुठून? कर्सर जागचा हललाच नाही. शिवाय टाइप केलेली अक्षरे लपवणारी 'नोएको' आज्ञा दिली होती. पण पडदा पूर्ववत करणारी 'एंडविन' शेवटी लिहायची राहून गेली होती. (असे झाले तर घाबरू नका. अक्षरे दिसत नसली तरी 'रीसेट' टाइप करून एंटर दाबा.)

पुढची गंमत ऐका. बाईंनी आकडे उलटे करून ५ आणि ४० असे लिहून दिले. त्याच मुलीने ओळी मोजल्या आणि म्हणाली, "बाई, हे सहाव्या ओळीत आलंय." टर्बो सी १ पासून मोजते, एनकर्सेस ० पासून. बरोबर आकडे ४ आणि ३९. म्हणजे दुरुस्तीसुद्धा चालवून पाहिल्याशिवाय दुरुस्ती म्हणता येत नाही.

मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवीधर झालो. एका गाइडमधले चुकीचे सूत्र वर्षभर घोकले होते. शंका विचारली तेव्हा "जो छपा है वही लिखो" असे उत्तर मिळाले. आपल्या मुलांची अडचण त्याहून मोठी आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि संगणकाच्या पुस्तकात इंग्रजी. काही अडले की परक्या भाषेतल्या छापील शब्दावर शंका घेण्याआधी ती स्वतःवर शंका घेतात. मला काळजी वाटते ती याची.

काही शिक्षकांचे म्हणणे असे की, मुले चुका काढू लागली तर पुस्तकाचा मान राहणार नाही. मला तसे वाटत नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती ग्रंथावरील भक्तीपोटीच. आणि यात कोणी स्वतःची ओवी घालू नये, असेही त्यांनी बजावले. मुलांनीही हे ध्यानात ठेवावे. चूक असेल तेवढीच सुधारायची; केवळ आपल्याला दुसरी पद्धत आवडते म्हणून लिहिणाऱ्याचे बदलायचे नाही.

अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ आपल्या पुस्तकातली चूक प्रथम दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवत. २००८ पासून त्याऐवजी प्रमाणपत्र देऊ लागले. २५६ सेंट म्हणजे सोळाच्या पटीत मोजणाऱ्या अंकपद्धतीतले १००! अनेकांनी तो धनादेश वटवलाच नाही, चौकटीत घालून भिंतीवर लावला.

आपण धनादेश देऊ शकणार नाही. पण तीन गोष्टी नक्की करू शकतो. पुस्तिकेतले प्रत्येक उदाहरण छापण्याआधी आपल्याच कक्षातल्या संगणकावर चालवून पाहायचे. कक्षाच्या दारावर शुद्धिपत्र लावायचे. त्यात चुकीची ओळ, सुधारलेली ओळ, तारीख आणि चूक शोधणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव असेल. पहिले नाव लागलेही आहे. आणि पुस्तिका पुढच्या वर्षी नव्याने छापायची. तिच्या खर्चाला मंजुरी द्यावी, ही विश्वस्तांना विनंती.

पालकांना एवढेच सांगेन. मूल "पुस्तकात चुकलंय" म्हणाले, तर लगेच गप्प करू नका आणि लगेच शाबासकीही देऊ नका. "दाखव बरं कसं ते," असे म्हणा आणि शेजारी बसा.